लेझर जॅमर मागवण्याआधी चलान घेऊन या

आमच्या वस्तीतला एक पोरगा टुरिस्ट गाडी चालवतो. आठवड्यातून दोनदा तरी समृद्धीवरून शिर्डीची नाहीतर पुण्याची सवारी असते. परवा चहाच्या टपरीवर त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणीतरी आपल्या गाडीच्या समोरच्या जाळीत, नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूंना, काडेपेटीएवढे दोन डबे बसवतो. दुसरा माणूस दुरून स्पीड गन रोखतो आणि गनच्या पडद्यावर आकडाच येत नाही. पोरगा म्हणाला, "दादा, हे लावलं का पोलिसवाल्याची बंदूक आंधळी होते. मागवू का? नाहीतरी आपल्यालेच पकडतेत."

मी लगेच नको म्हणालो नाही. मागवू का, याचं उत्तर सोपं आहे. पण त्याचं शेवटचं वाक्य मला घरापर्यंत सोडायला आलं. आपल्या चळवळीतल्या पोरांना ते वाक्य पाठ आहे आणि त्यात खरंही बरंच आहे. म्हणून हा लेख.

आधी यंत्र समजून घेऊ. स्पीड गन मुख्यतः दोन प्रकारची असते. एक रेडिओ लहरींवर चालणारी, तिला रडार म्हणतात. दुसरी लेझरची. लेझर गन डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे बारीक ठोके फेकते, साधारण ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीचे. ठोका गाडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं आणि अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग. हे सगळं एका सेकंदाच्या आत उरकतं. पोलिस नेम धरतो तो नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर, कारण तिथून प्रकाश चांगला परततो. जॅमर तिथेच दबा धरून बसतो. ठोका आला की तो त्याच जातीचा प्रकाश उलट फेकतो. गनला आपला ठोका कोणता आणि परका कोणता हे कळत नाही. तेवढ्यात चालक ब्रेक दाबतो, जॅमर बंद करतो आणि सज्जनासारखा पोलिसासमोरून निघून जातो.

व्हिडिओत जे सांगत नाहीत ते असं. बऱ्याच नव्या गन आपल्याला कुणी गोंधळवतंय हे ओळखतात आणि पडद्यावर तसं दाखवतात. खांबावरचा कॅमेरा रडारवर चालत असेल तर लेझर जॅमरचा काडीचा उपयोग नाही. आणि दोन ठिकाणी नंबर प्लेट वाचून मधल्या अंतराला वेळेने भागून सरासरी वेग काढला, तर तिथे लेझरच नसतो, जाम काय करणार? अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि टेक्सास या राज्यांनी हे उपकरण बेकायदा ठरवलं आहे. ब्रिटनमध्ये ते वापरणाऱ्यांवर न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचे खटले झाले आहेत. आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्यात जॅमर हा शब्द शोधत बसू नका. अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणण्याबद्दल कलम १७९ आहे आणि भारतीय न्याय संहितेत लोकसेवकाच्या कर्तव्यात अडथळा आणण्याबद्दल कलम २२१ आहे. तेवढं पुरेसं आहे.

आपल्या पोरांनी इथे थांबून हिशेब करावा. वेगमर्यादा ओलांडली तर कलम १८३ खाली हलक्या मोटारीला दंड आहे १००० ते २००० रुपये. पैसे भरले, विषय संपला. जॅमर सापडला आणि गुन्हा नोंदवला गेला, तर तो पोलिस भरतीच्या, तलाठ्याच्या, एमपीएससीच्या चारित्र्य पडताळणीत समोर येऊन उभा राहतो. ज्याच्या बापाचा कारखाना आहे त्याला पडताळणी करून घ्यावी लागत नाही. आपल्याला लागते. वाचनालयात रात्र रात्र बसून मिळवलेली यादीतली जागा एका डब्यापायी घालवायची?

हे झालं भीतीचं बोलणं. भीती दाखवून आपली पोरं ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये. आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो.

"नाहीतरी आपल्यालेच पकडतेत." हे मी स्वतः भोगलेलं आहे. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलला माझ्या दुचाकीला निळा झेंडा होता. एका चौकात मला बाजूला घेतलं. परवाना, आरसी, पीयूसी, विमा, सगळं एकेक करून तपासलं. सगळं होतं. तरी अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात काळी फिल्म लावलेल्या आणि काचेमागे पक्षाची पाटी ठेवलेल्या दोन गाड्या शेजारून गेल्या. त्यांच्याकडे बघून शिट्टीसुद्धा वाजली नाही. ज्याने मला थांबवलं त्याच्या हातात कोणतंही यंत्र नव्हतं. त्याच्याकडे होते फक्त डोळे. डोळ्यांनी झेंडा पाहिला, बाकी काही मोजायची गरजच नव्हती.

मित्रहो, माझं सगळं म्हणणं इथेच आहे. माणसाचा डोळा झेंडा पाहतो, कपडे पाहतो, परवान्यावरचं आडनाव वाचतो. लेझरच्या ठोक्याला आडनाव वाचता येत नाही. तो मर्सिडीजवर आदळला काय आणि जुन्या इंडिकावर आदळला काय, तितक्याच वेळात परत येतो. हजारो वर्षं आपल्याला ज्या मोजमापाने मोजलं गेलं, ते जन्माचं माप होतं. इथे पहिल्यांदा असं माप आलंय जे फक्त कृत्य मोजतं. ते माप आपण आंधळं केलं तर रस्त्यावरची सत्ता कुणाकडे परत जाते? त्याच डोळ्यांकडे. गनचा आकडा गेला की उरते पोलिसाची मर्जी, आणि मर्जी आपल्या बाजूने कधी होती?

शिवाय जॅमर हे काही आपल्याला सापडलेलं नवं शस्त्र नाही. मोठ्या लोकांच्या गाड्यांना ते आधीपासूनच बसवलेलं आहे, फक्त त्याला डबा लागत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. त्या गाडीला नंबर प्लेटच नव्हती. कॅमेरा वाचणार काय? अल्पवयीन आरोपीला बाल न्याय मंडळाने जामीन दिला, अटींत ३०० शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. रक्तातली दारू मोजणारं यंत्र ठीकच होतं हो. त्याच्यासमोर दुसरंच रक्त ठेवल्याचा आरोप आहे. याला जॅमर नाही तर काय म्हणायचं?

आपल्या नागपुरात तर लांब जायलाच नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुल्यावर मध्यरात्री मर्सिडीजच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण गेले. त्या प्रकरणातल्या अटकेसाठी नातेवाइकांना महिनोन्महिने न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात रामदासपेठेत एक ऑडी अनेक गाड्यांना ठोकत गेली. गाडी सत्ताधारी पक्षाच्या तत्कालीन प्रदेशाध्यक्षांच्या मुलाच्या नावावर होती. चालवत दुसराच होता, असं पोलिसांनी सांगितलं. असेलही. पण हेच वस्तीतल्या एखाद्या पोराच्या गाडीने झालं असतं तर रात्रभरात काय काय झालं असतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

नियम इतरांसाठी, सूट माझ्यासाठी: जातिव्यवस्था याहून वेगळं काय सांगत होती? एकाच गुन्ह्याला वर्णाप्रमाणे वेगळा दंड हे मनुस्मृतीत होतं, म्हणून तर ती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळाली. जॅमर विकत घेणारा मनातून तेच म्हणत असतो, की दंड त्यांना, मला नाही. फरक इतकाच की ही सूट जन्माने मिळत नाही, पैसे टाकून मिळते. आपल्या पोराने ती हजारो रुपये देऊन घ्यायची आणि तिला बंडखोरी म्हणायचं, हे मला पटत नाही.

बंडखोरी कशी असते ते महाडनेच दाखवलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर भर दिवसा गेले, हजारो माणसं बरोबर घेऊन गेले. रात्री गुपचूप एक कळशी भरून आणणं सोपं होतं. पाणी तेच मिळालं असतं. डिसेंबरात विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावर पुन्हा जाणं थांबवलं आणि खटला लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये आपल्या बाजूने लागला. दहा वर्षं! अन्याय उघड करायचा असेल तर तो उघड्यावर मोडावा लागतो, नाव-गाव सांगून मोडावा लागतो. जॅमरचं सगळं यश कुणाला कळू नये यात आहे. अशा गोष्टीतून कुणाचाही हक्क आजवर निर्माण झालेला नाही.

आता रस्त्यावर मरतं कोण ते बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे दर दहातले सहाहून जास्त. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यूंचं कारण अतिवेग असं नोंदवलं आहे. महाराष्ट्रातच त्या वर्षी पंधरा हजारांहून जास्त गेले. अहवालात वय आहे, लिंग आहे, वाहनाचा प्रकार आहे. जातीचा रकाना नाही. पण पहाटे पाचला रस्ता कोण झाडतं, सायकलवर डबा लावून एमआयडीसीकडे कोण निघतं, शेवटची बस चुकली की कामठी रोडने पायी घरी कोण येतं, हे कळायला जनगणनेची वाट बघावी लागत नाही.

माझी मावशी रस्ते झाडायची. सिमेंटचा नवा गुळगुळीत रस्ता झाला तेव्हा तिला आनंद झाला होता, झाडू सरळ फिरतो म्हणायची. त्याच रस्त्यावर हिवाळ्यातल्या एका पहाटे तिला गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. मांडीचं हाड मोडलं, पुढे ती नीट चाललीच नाही. नंबर कुणी पाहिला नाही, कॅमेरा नव्हता, गन नव्हती. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. चालकाला झाडू दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी निम्मी गल्ली पार करून जाते. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ताकद चौपट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पायी माणसाला ताशी ५० ऐवजी ६५ ने धडक बसली तर मरण्याचा धोका साडेचार पट होतो. फक्त पंधराच्या फरकाने. मावशी वाचली म्हणजे ती गाडी तशी हळूच होती म्हणायची.

लेझरचा झोत नेहमी गाडीवालाच आपल्यावर रोखलेला समजतो. त्या झोतामागे, पोलिसाच्या पाठीशी, रस्त्याच्या कडेला मावशी उभी असते हे त्याला दिसत नाही. आपल्या समाजात आता गाड्या आल्या, चांगलं झालं, बाबासाहेबांमुळे आल्या. पण गाडी आली म्हणून आपण झोताच्या कोणत्या बाजूचे हे विसरायचं? समृद्धीवर तर दुचाकीला आणि ऑटोला प्रवेशच नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे डोक्यावर पिशवी घेऊन चालणारे लाखो पाय कोणत्या वेगाचे असतात?

रस्ता आणि जात यांचं नातं बाबासाहेबांनी अंगावर झेललेलं आहे. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले. टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने देईन म्हणाला, हाकणार नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा घेतला आणि सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाने तो हाकला. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्याने वाचला नसेल त्याने आज वाचावा. तो अपघात टांग्याचा नव्हता. ज्याला हाकता येत होतं त्याने आपली जात वरची म्हणून लगाम सोडला, त्यातून तो घडला. रस्त्यावर कुणाची हाडं स्वस्त, हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्या यादीत आहे.

आता कुणी म्हणेल, दादा, तुम्ही पोलिसांची वकिली करताय. नाही बाबा. यंत्राला जात कळत नाही, पण यंत्र कुठे उभं करायचं हे माणूस ठरवतो. आणि माप खोटं असेल तर मापात पाप आलंच. अमेरिकेत शिकागो शहरात कॅमेऱ्यांच्या चलानांचा हिशेब 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारांच्या संस्थेने २०२२ मध्ये मांडला. काळ्या आणि हिस्पॅनिक लोकांच्या वस्त्यांतल्या घरांना गोऱ्या वस्त्यांच्या साधारण दुप्पट चलानं जात होती. कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हता. पण त्या वस्त्यांतले रस्ते रुंद, पायी चालणाऱ्यांची सोय कमी, वेगाला आमंत्रण देणारे. रस्ता असा बांधायचा की गाडी पळावी आणि मग पळाली म्हणून दंड करायचा. आपल्या उत्तर नागपुरातून जाणारे रस्ते या नजरेने एकदा चालून पाहा. उड्डाणपूल वर गेला, खाली फुटपाथ कुठे गेला?

मग करायचं काय? कायद्याने आपल्याला बरंच दिलंय, आपण ते मागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली नियम १६७अ आला. वेग मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाला राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. उपकरण जिथे आहे त्याआधी लोकांना दिसेल असा सूचना फलक हवा. चलानासोबत फोटो हवा ज्यात नंबर प्लेट दिसते, उपकरणाने मोजलेला आकडा हवा, तारीख-वेळ-ठिकाण हवं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. शिवाय १ जुलै २०२५ पासून रडारवर चालणाऱ्या वेगमापकांना वजनमापे कायद्याखाली पडताळणी आणि शिक्का सक्तीचा झाला आहे. रेशन दुकानदाराच्या काट्याला शिक्का आहे का हे आपल्या आया बघतात. बंदुकीला शिक्का आहे का हे आपण कधी विचारलं?

दुसरी मागणी मोठी आहे, तिला वेळ लागेल. दोन हजारांचा दंड टुरिस्ट गाडी चालवणाऱ्या पोराचे चार-पाच दिवस खातो. करोडच्या गाडीवाल्याला तो टोलसारखा वाटतो: दोन हजार भरा, हवं तेवढं पळवा. असमान माणसांना सारखा दंड ही समानता कशी? फिनलंडमध्ये मोठ्या अतिवेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असतो. २०२३ मध्ये आन्देर्स विक्लोफ या धनाढ्य उद्योगपतीला ताशी ५० च्या रस्त्यावर ८२ ने गाडी चालवली म्हणून १,२१,००० युरो दंड झाला. आपल्याकडे हे होणार नाही म्हणून हसू नका. राखीव जागा मागितल्या तेव्हाही लोक हसले होते. आपल्या संघटनांच्या जाहीरनाम्यात ही मागणी यायला हवी.

पहिल्या मागणीला मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. शहरात आणि महामार्गावर वेगमापकं कुठे कुठे आहेत, ती जागा कशाच्या आधारावर निवडली, प्रत्येकाचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेचं, शिक्का कधीचा, फलक लावले त्याची नोंद कुठे, आणि गेल्या वर्षभरात कोणत्या जागी कोणत्या प्रकारच्या वाहनांना किती चलानं गेली. एवढं विचारलं तरी फाइली हलतील. मसुदा मी तयार केला आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयात बसतोय, आपापली चलानं मोबाइलमध्ये घेऊन या. वकिलीला असलेली दोन पोरं येणार आहेत.

त्या टुरिस्ट गाडीवाल्याची तीन चलानं माझ्याकडे आली आहेत. दोन बघितल्यावर मी त्याला सांगितलं, ही भर, तू खरंच पळवत होतास. त्याने तोंड वाकडं केलं. तिसऱ्यावर फोटो आहे, तारीख आहे, त्याचा नंबर स्वच्छ दिसतोय, आणि वेगाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. रविवारी आधी तेच उघडू.